हेलिकॉप्टर पायलट व्हायचंय? फी भरण्याआधी हा हिशोब मांडा



आपल्याकडे येणाऱ्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न अधूनमधून हमखास असतो. "सर, हेलिकॉप्टर पायलटचं ट्रेनिंग सुरू करायचंय. घरचे जमीन विकायला तयार आहेत. निर्णय घेऊ का?" विचारणारा कधी इंजिनिअरिंग करून नोकरीत कंटाळलेला असतो, कधी वडिलांचं दुकान सांभाळणारा असतो. मुलीही विचारतात.

तुम्ही म्हणाल, आपण इथे मसाला कांडप, पेपर प्लेट, डेअरी यांच्या गोष्टी करतो, मध्येच हेलिकॉप्टर कुठून आलं? पण बघा, हा निर्णय शिक्षणाचा वाटतो आणि प्रत्यक्षात असतो गुंतवणुकीचा. लाखो रुपये आधी घालायचे, कौशल्य नावाची मशीन उभी करायची आणि मग ती मशीन चालवून पैसे परत मिळवायचे. म्हणजे धंदाच झाला की!

आणि धंद्यात सगळ्यात जास्त माणसं कुठे अडकतात, हे आपण कितीदा बोललोय. मशीन घ्यायला पैसे पुरतात, पण मशीन बसल्यापासून पहिली मोठी ऑर्डर येईपर्यंतचा काळ काढायला पैसे उरत नाहीत. पायलटच्या बाबतीतही तेच आहे. लायसन्स मिळेपर्यंतचा खर्च सगळे मोजतात. लायसन्सपासून पहिल्या पगारापर्यंतचा खर्च कुणी मोजत नाही. आजचा लेख त्या मधल्या काळाबद्दल आहे.

लायसन्स म्हणजे नेमकं काय हातात येतं?

पगार घेऊन हेलिकॉप्टर उडवायचं तर कमर्शियल पायलट लायसन्स लागतं. आपल्याकडे ते डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. वय किमान १८. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, ही आजवरची अट. कॉमर्स-आर्ट्सवाली अनेक मुलं एनआयओएसमधून हे दोन विषय नंतर देतात. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी डीजीसीएच्या साइटवर ताजा नियम बघाच.

मग वैद्यकीय तपासणी. आधी क्लास टू, नंतर क्लास वन. मग लेखी पेपर: एअर नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येक पेपरला पास व्हायला ७० टक्के लागतात. शाळेसारखं ३५ वर भागत नाही. रेडिओवर बोलण्याचं प्रमाणपत्र वेगळं. आणि या सगळ्याबरोबर प्रत्यक्ष उड्डाणाचे किमान १५० तास.

यातला 'किमान' हा शब्द लाल पेनाने अधोरेखित करा. हेलिकॉप्टर जागच्या जागी हवेत स्थिर धरणं, ज्याला होव्हर म्हणतात, तेच सुरुवातीला जमत नाही. डाव्या हातात कलेक्टिव्ह, उजव्या हातात सायक्लिक, पायाखाली पेडल. एक हलवलं की बाकी दोन्ही सावरावी लागतात. कुणाला पाच तासांत जमतं, कुणाला पंधरा लागतात. घड्याळ मात्र दोघांचंही सारखंच पळतं आणि बिल तासावर असतं.

नोकरी देतं कोण?

धंदा सुरू करताना आपण पहिला प्रश्न काय विचारतो? ग्राहक कोण? इथेही तोच विचारायचा.

भारतात हेलिकॉप्टरचं सगळ्यात मोठं नियमित काम समुद्रातल्या तेलविहिरींचं. मुंबई हाय हे तेलक्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात आहे. १९७४ मध्ये तिथे तेल सापडलं. तिथल्या प्लॅटफॉर्मवर कामगारांची ने-आण करायला जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरं जातात. १९८५ मध्ये पवन हंस ही सरकारी कंपनी उभी राहिली, ती मुख्यतः याच कामासाठी. दुसरं काम तीर्थयात्रेचं: केदारनाथ, वैष्णोदेवी. हे हंगामी असतं. तिसरं राजकीय नेते, उद्योगपती आणि निवडणुकीचा प्रचार. बाकी मग राज्य सरकारांची हेलिकॉप्टरं, रुग्णांची वाहतूक, जॉयराइड.

आता या यादीकडे नीट बघा. समुद्रावर दोन इंजिनांचं मोठं हेलिकॉप्टर आणि दोन पायलट असतात. डोंगरात उडायला डोंगराचा अनुभव लागतो. व्हीआयपींसाठी अनुभवाच्या अटी आणखी कडक. आणि या सगळ्या जागांसाठी तुमच्या शेजारी रांगेत उभा असतो लष्करातून, हवाई दलातून किंवा नौदलातून निवृत्त झालेला पायलट. त्याच्याकडे हजारो तासांचा अनुभव असतो, सियाचीन-ईशान्य भारत पालथा घातलेला असतो आणि पेन्शनही सुरू असते. तुमच्याकडे असतात १५०-१६० तास, तेही बहुतेक छोट्या ट्रेनिंग हेलिकॉप्टरवरचे.

याचा अर्थ दार बंद आहे असं नाही. नवखे पायलट को-पायलट म्हणून घेतले जातात. पण देशातली नागरी हेलिकॉप्टरं काही शेकड्यांतच मोजण्याइतकी आहेत, त्यामुळे जागा मोजक्या आणि थांबावं लागतं. शिवाय ज्या प्रकारचं हेलिकॉप्टर उडवायचं, त्याचं वेगळं टाइप रेटिंग घ्यावं लागतं. कंपनी तो खर्च करणार की तुम्ही, हा कळीचा प्रश्न आहे.

परदेशातली शिडी आपल्यासाठी नसते

अनेक जण म्हणतात, अमेरिकेत जाऊन करतो. तिथल्या जाहिरातीत एक शिडी दाखवतात. आधी लायसन्स, मग त्याच शाळेत प्रशिक्षक म्हणून नोकरी, शिकवता शिकवता साधारण हजार तास पूर्ण, आणि मग पर्यटनाच्या किंवा समुद्रावरच्या कंपनीत पगाराची जागा. शिडी खरी आहे. अमेरिकन मुलं तशीच वर चढतात. १५० ते हजार तासांमधली दरी ती दुसऱ्याच्या फीच्या पैशावर पार करतात.

पण आपल्याकडून तिकडे व्यावसायिक शिक्षणासाठी जाणाऱ्याला बहुधा एम-१ व्हिसा मिळतो. त्यावर शिकताना नोकरी करता येत नाही. कोर्सनंतर मर्यादित काळाचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग तेवढं मिळू शकतं, तेही जास्तीत जास्त सहा महिने. म्हणजे शिडीची पहिली पायरी आपल्याला मिळते आणि दुसरी पायरी काढून घेतलेली असते. शाळेच्या माणसाला थेट विचारा, "माझ्या व्हिसावर मला इथे प्रशिक्षक म्हणून किती महिने काम करता येईल?" उत्तर लेखी घ्या.

आणि परदेशात लायसन्स मिळालं तरी भारतात उडवायला डीजीसीएचं लायसन्स लागतंच. इथल्या परीक्षा चुकत नाहीत.

आता वही काढा

खालचे आकडे मी हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. ते कुठल्याही शाळेचे दर नाहीत. तुमच्या शाळेचा आकडा तिथे घाला.

समजा उड्डाणाचा एक तास ३० हजार रुपयांना पडतो.

- १५० तास: ४५ लाख.
- जास्तीचे ३० तास, कारण किमान तासांत सगळ्यांचं होत नाही: ९ लाख.
- १५ महिने राहणं-खाणं, महिना ८० हजार: १२ लाख.

झाले ६६ लाख. बहुतेक जण पहिल्या ओळीवरच थांबतात आणि घरी "४५ लाख लागतील" असं सांगतात.

आता यातले ४० लाख कर्ज काढलं आणि २६ लाख घरचे घातले असं धरू. ११ टक्के व्याज आणि १० वर्षं मुदत धरली तर हप्ता महिना सुमारे ५५ हजार येतो. शिक्षण चालू असताना बँक हप्ता थांबवते, पण व्याज थांबत नाही, हेही लक्षात ठेवा. हिशोब सोपा राहावा म्हणून ते इथे धरलेलं नाही.

लायसन्स मिळालं. नोकरी लागायला समजा २४ महिने गेले.

- हप्ते: २४ गुणिले ५५ हजार, म्हणजे १३ लाख २० हजार.
- घरखर्च महिना १५ हजार: ३ लाख ६० हजार.
- हात सुटू नये म्हणून दोन महिन्यांतून एक तास उड्डाण: १२ तास, ३ लाख ६० हजार.

हे झाले २० लाख ४० हजार. म्हणजे पहिला पगार हातात पडण्याआधी घरातून गेले २६ अधिक २०.४, एकूण ४६ लाख ४० हजार. आणि त्या दिवशी बँकेचं सुमारे ३५ लाखांचं कर्ज अजून डोक्यावर आहेच. दोन वर्षं हप्ते भरूनही मुद्दल फक्त पाचेक लाखांनी उतरलं!

यातली सगळ्यात धोक्याची ओळ तिसरी आहे, आणि ती बहुतेक वह्यांत नसतेच. लायसन्स म्हणजे सोन्याचं नाणं नव्हे, की कपाटात ठेवलं आणि किंमत टिकली. उडवलं नाही तर सराव जातो, मेडिकल दर वर्षी नव्याने करावं लागतं, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, "शेवटचं कधी उडवलंत?"

हप्ता आणि हवामान

घरचे विचारतात, "धोका किती?" प्रश्न योग्य आहे, टाळू नका. जून २०२५ मध्ये केदारनाथहून गुप्तकाशीकडे येणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळलं आणि पायलटसह आतले सातही जण दगावले. त्या अपघाताचं कारण सांगणं माझं काम नाही. पण पैशाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. चांगला पायलट तो, जो हवा खराब असेल तर "आज उडत नाही" असं म्हणतो. डोक्यावर मोठा हप्ता असलेल्या, कंत्राटावरच्या नवख्या माणसाला हे वाक्य उच्चारणं जड जातं. म्हणून कर्ज झेपेल एवढंच घ्या, असं मी सांगतो तेव्हा तो सल्ला फक्त खिशासाठी नसतो.

थांबायचं कसं, हे रॉबिन्सनकडून शिका

ट्रेनिंगमध्ये तुम्ही बहुधा ज्या दोन आसनी हेलिकॉप्टरवर बसाल, ते आहे रॉबिन्सन आर २२. ते बनवणारा फ्रँक रॉबिन्सन हा अमेरिकन इंजिनिअर. बेल, ह्यूजेस अशा मोठमोठ्या हेलिकॉप्टर कंपन्यांत त्याने वर्षानुवर्षं नोकरी केली. छोटं, स्वस्त हेलिकॉप्टर बनवूया, ही त्याची कल्पना कुणी उचलली नाही. १९७३ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्याने नोकरी सोडून घरातच कंपनी सुरू केली. १९७५ मध्ये पहिलं उड्डाण झालं. विक्रीसाठी लागणारं सरकारी प्रमाणपत्र मिळालं १९७९ मध्ये. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत सहा वर्षं!

आणि गंमत बघा. त्याने ते बनवलं होतं लोकांना स्वतःच्या वापरासाठी, हवेतली गाडी म्हणून. बाजाराने ते उचललं ट्रेनिंगसाठी. आज जगभरच्या शाळांत ते दिसतं.

यातून दोन गोष्टी घ्या. मधला काळ हा अपघात नसतो, तो धंद्याचा भाग असतो, म्हणून त्याची तरतूद आधीच करायची. आणि ग्राहक आपल्या मनातला नसतो, बाजारातला असतो. तुमच्या मनात 'व्हीआयपी पायलट' असेल. बाजारात जागा कदाचित समुद्रावरच्या को-पायलटची असेल. ती घ्यायची तयारी आहे का?

सगळी फी एकदम भरू नका

लास वेगासजवळ सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स नावाची मोठी प्रशिक्षण कंपनी होती. अमेरिकेत ठिकठिकाणी शाखा, झगमगीत सेमिनार. पूर्ण कोर्सचे सुमारे ७० हजार डॉलर, अनेकांनी कर्ज काढून आगाऊ भरलेले. फेब्रुवारी २००८ मध्ये कंपनी एका दिवसात बंद पडली आणि दिवाळखोरीत गेली. अडीच हजारांच्या आसपास विद्यार्थी अर्धवट तासांवर अडकले. हेलिकॉप्टर गेलं, शाळा गेली, कर्ज मात्र राहिलं.

म्हणून नियम सोपा: जेवढे तास उडवले तेवढेच पैसे. फार तर पुढच्या दहा तासांचे आगाऊ. "पूर्ण पॅकेज आज भरा, दहा टक्के सूट" असं कुणी म्हणालं, तर ती सूट तुमच्यासाठी आहे की त्याच्या खेळत्या भांडवलासाठी, याचा विचार करा.

आणखी दोन प्रश्न विचाराच. एक, मीटर कधी सुरू होतं? रिक्षासारखंच आहे. जमिनीवर इंजिन तापत असतानाची मिनिटं धरतात का? दोन, वजन. आर २२ मध्ये एका आसनावर, खालच्या सामानासकट, साधारण १०९ किलोची मर्यादा आहे. त्यात प्रशिक्षक, इंधन आणि एकूण वजनाचं गणितही बसवावं लागतं. तुमचं वजन जास्त असेल तर मोठं आर ४४ घ्यावं लागेल आणि तासाचा दर वाढेल. काही जणांसाठी दहा किलो कमी करणं हीच सगळ्यात मोठी बचत ठरते!

स्वस्त प्रश्न आधी, महाग प्रश्न नंतर

आता निर्णयाचा क्रम. चूक इथेच होते. लोक आधी फी भरतात, मग मेडिकलला जातात. उलट करा.

पहिलं, मेडिकल. एक रुपया फी भरण्याआधी क्लास टू आणि क्लास वनची तपासणी करून घ्या. चष्मा असला म्हणून लगेच घाबरू नका. पण रंग ओळखण्यात दोष असेल, कान किंवा हृदयाचं काही निघालं, तर ते काही हजारांत कळलेलं बरं.

दुसरं, पेपर. नोकरी किंवा दुकान सांभाळून डीजीसीएचे पेपर द्या. पुस्तकांचा आणि क्लासचा खर्च उड्डाणाच्या मानाने किरकोळ आहे. वर्षभर संध्याकाळी बसून नॅव्हिगेशन-हवामान सुटत नसेल, तर तुम्हाला हेलिकॉप्टर आवडतं, पण हा व्यवसाय आवडत नाही, हे उघड होईल.

तिसरं, दहा फोन. हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपन्यांना आणि तिथल्या पायलट लोकांना नम्रपणे विचारा, "दीडशे तासांचा नवखा घेता का? गेल्या दोन वर्षांत किती घेतले? टाइप रेटिंगचा खर्च कोण करतं?" शाळा उत्तीर्ण मुलांचे फोटो दाखवेल. तुम्ही नोकरी लागलेल्या मुलांचे नंबर मागा.

चौथं, एक तास. निवडलेल्या शाळेत जाऊन प्रशिक्षकाबरोबर एक तास उडा. पोटात ढवळतं का, डोकं शांत राहतं का, ते बघा.

पाचवं, थांबण्याची रेषा. सुरू करण्याआधी घरच्यांसमोर कागदावर लिहा: "इतक्या तासांत एकट्याने उडता आलं नाही, किंवा खर्च इतक्यावर गेला, तर मी थांबेन." मध्येच थांबणं तेव्हा अपमान वाटत नाही, कारण ते आधीच ठरलेलं असतं.

चोविशीच्या आत असाल तर

एक दार असं आहे जिथे ट्रेनिंगचा खर्च सरकार करतं. बारावीनंतर एनडीए, पदवीनंतर सीडीएस किंवा एएफसीएटी. हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रांचसाठी पदवीधरांची वयोमर्यादा साधारण २० ते २४ आहे. मुलींनाही एनडीए आणि एएफसीएटीची दारं उघडी आहेत. निवड कठीण आहे, नोकरीची वर्षं बांधलेली असतात, आणि हेलिकॉप्टरच मिळेल याची खात्री नाही, कारण फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर ते ट्रेनिंगमध्ये ठरतं. पण नागरी बाजारात तुमच्या पुढे जो अनुभवी माणूस उभा आहे, तो याच दारातून आलाय. वय हातात असेल तर हे दार ठोठावल्याशिवाय जमिनीचा विषय काढू नका.

"सर, स्वतःचंच हेलिकॉप्टर घेतलं तर?"

लग्नात नवरदेवाला हेलिकॉप्टरने आणायची हौस वाढली आहे, म्हणून हा प्रश्न येतो. प्रायव्हेट पायलट लायसन्सवर प्रवाशांकडून पैसे घेता येत नाहीत. भाड्याने उडवायचं तर डीजीसीएचं नॉन-शेड्युल्ड ऑपरेटर परमिट लागतं. देखभाल, विमा, इंजिनिअर, सगळं आलं. आर २२ सारखं छोटं हेलिकॉप्टरसुद्धा २,२०० तासांनी किंवा १२ वर्षांनी पूर्ण ओव्हरहॉलला न्यावं लागतं. उडवलं नाही तरी वर्षं मोजली जातातच. उभी ट्रॉली कर्ज खाते, तसंच हे. त्यापेक्षा परमिटधारक कंपनीकडून बुकिंग घेऊन, उतरण्याची जागा, जिल्हा प्रशासन आणि पोलिसांची परवानगी, गर्दीची व्यवस्था असं सगळं सांभाळून देणं, हा कमी भांडवलाचा धंदा आहे. त्याला पायलट असावं लागत नाही.

मग निर्णय काय?

मेडिकल झालं, पेपर निघाले, दहा फोनमधून दोन-तीन तरी खरी "हो" आली, एका तासाने मन डगमगलं नाही, आणि पहिल्या पगारापर्यंतचे पैसे, म्हणजे वरच्या वहीतले दोन्ही भाग, राहतं घर आणि पोटाची जमीन न विकता उभे राहतात. एवढं जमत असेल तर जा. बिनधास्त जा. नागरी पायलट वयाच्या ६५ पर्यंत काम करू शकतो, पुढे मोठं आयुष्य आहे.

यातलं एक जरी जमत नसेल, तर 'नाही' म्हणायची घाई नको. 'अजून नाही' म्हणा. मेडिकल आणि पेपर करून ठेवा, धंद्यातून किंवा नोकरीतून मधल्या काळाचे पैसे साठवा. दोन वर्षं उशिरा सुरुवात केल्याने आकाश कुठे जात नाही. विकलेली जमीन मात्र परत येत नाही.

या आठवड्यात एकच काम करा: डीजीसीएच्या यादीतला जवळचा डॉक्टर शोधा आणि तपासणीची तारीख घ्या. बाकी वही त्यानंतर उघडू.